लाइन आली तेव्हा

१० डिसेंबर, रात्री

परवा रात्री लाइन आली तेव्हा वावरातल्या खोपडीतला बल्ब लाल झाला, चार-पाच सेकंद तसाच राहिला आणि विझला. डीपी, म्हणजे आमच्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, गेली. गावात सगळे डीपीबद्दलच बोलताहेत, मला तो लाल बल्ब सलतोय. तीन दिवसांआधी पारावर सगळ्यांनी कबूल केलं होतं, ऑटो काढायचे, म्हणजे लाइन येताच मोटर आपोआप सुरू करणारे स्विच. त्या चार-पाच सेकंदांत कळलं की एकानंही काढला नव्हता. आमचाही लागलेलाच होता.

ऑटो कोणी हौसेनं लावत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात लाइन बाराला येईल की दोनला, भरवसा नाही. धुऱ्यावर साप, तुरीत रानडुकरं, जंगलाकडच्या वावरांत वाघाची भीती. स्टार्टर आपोआप ओढला गेला तर माणूस घरी झोपतो. इथवर कोणाचंच चुकत नाही, आणि मला त्रास याचाच होतोय.

हिशोब कागदावर मांडून पाहिला. ६३ केव्हीएची डीपी, तिची पेलायची ताकद फेजला ८४ अँपिअर. पाच एचपीची मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. म्हणजे ११ मोटारींवर डीपी भरली. आमच्या डीपीवर, तारेवर आकडा टाकून चोरून चालवलेल्या धरून, १७ आहेत. चालतानाच १२७ अँपिअर, दीडपट. करंट दीडपट झाला की वाइंडिंगमधली उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. त्यात सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट ओढते. एकटी असली तर सेकंद-दोन सेकंदांत वेग धरते. सतरा एकदम उठल्या की व्होल्टेज बसतं, एकीलाही वेग धरता येत नाही, आणि तो सुरुवातीचा करंट लांबत जातो. लाल बल्ब म्हणजे तेच.

फ्यूज का गेला नाही? किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खोबणीत, फ्यूजची तार नव्हतीच. ॲल्युमिनियमच्या कंडक्टरची एक लड पिळून घातलेली. ती कोणी घातली हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि गेल्या महिन्यात फ्यूज रोज रात्री उडत होता तेव्हा ती घातली म्हणून आपणच त्याला चहा पाजला होता. फ्यूज वितळायलाच असतो. तो वितळेना, म्हणून डीपी जळली.

असंच एकावर एक चढत जातं. व्होल्टेज कमी म्हणून मोटर जास्त करंट घेते, करंट वाढला की मोटर बंद करणारा रिले ट्रिप होतो, म्हणून कोणी रिलेचा काटा साडेसातावरून बारावर नेतो. एक फेज गेली तरी मग रिले वेळेवर सोडत नाही, मोटर गुणगुणत जळते. रिवाइंडिंग करून आणली की, पाणी कमी पडतं म्हणून, पाचाच्या जागी साडेसात एचपी बसते. कपॅसिटर फुगला की काढून फेकतात, नवा लावत नाहीत. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटरकडच्या बाजूला लावला तर लाइनवरचा करंट १५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. पण तो फायदा सगळ्यांच्या वाट्याला जातो, पैसे मात्र एकट्याचे. काकाजी पारावर बोललेच होते, "मी काढतो राजेहो, पण बाकीच्यायनं नाही काढला तं माह्या गव्हाले पाणी कोन देईन?" मला उत्तर सुचलं नव्हतं. आजही नाही.

दादा फोनवर म्हणतो, सोलर घ्या अन् मोकळे व्हा. त्यावर आज लिहिवत नाही.

भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातले, तलाव आठवतात. कोहळी समाजानं बांधलेले, पाणी पाळीनं सुटायचं, गाळही गावच काढायचं. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढणं हे कोणाचंच काम उरलं नाही. आमची डीपी तर पहिल्या दिवसापासून कोणाचीच नव्हती. तेल गळत होतं, ब्रीदरमधली, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या नळीतली, सिलिका निळ्याची गुलाबी झाली होती. म्हणजे ओल शिरत होती, आणि तिच्याखालून आपण रोज जात होतो.

दुपारपासून मात्र मन थोडं हलकं आहे. आपण मागणंच चुकीचं मागत होतो. भीती आहे तोवर ऑटो कोणी काढणार नाही, आणि काढूही नये. टायमर लावायचा. स्टार्टर ओढून धरणाऱ्या नो-व्होल्ट कॉइलच्या वायरीत ऑन-डिले, म्हणजे ठरलेल्या वेळानं चालू करणारा, टायमर घातला की लाइन येताच त्याची मोजणी सुरू होते. पहिल्याला १५ सेकंद, दुसऱ्याला ३०, असं करत सतराव्याला सव्वाचार मिनिटं. लाइन मध्येच गेली तरी आली की पुन्हा तोच क्रम. काही ऑटोमध्ये ही सोय आधीच असते, नुसता स्क्रू फिरवायचा.

पण याने फक्त सुरुवातीचा झटका तुटतो, १२७ अँपिअर राहतातच. त्यासाठी मोटारींच्या दोन फळ्या हव्यात, एक आठची, एक नऊची, चार-चार तास. नऊ मोटारी म्हणजे साडेसदुसष्ट अँपिअर. ओलीत निम्म्या वेळात बसवावं लागेल. आणि ही अदलाबदल टायमरवर सोडता येत नाही, लाइन तुटली की चार तासांची मोजणी पहिल्यापासून. कोणाला तरी उठावंच लागणार. पण एकट्यानं नाही, दोघांनी, टॉर्च घेऊन, आणि तेही आठ-नऊ दिवसांतून एकदा.

संध्याकाळी यादी केली. पहिला नंबर कोणाचा यावर अर्धा तास वाद, फरक सेकंदांचा असूनही. शेवटी सतरावा आम्ही घेतला. माय म्हणाली, "सव्वाचार मिनिटानं काही गहू वाळत नाही." वाळत नाही खरं. पण आज त्याला एकविसावा दिवस, मुकुटमुळं फुटायची, पाणी लागायचीच वेळ, आणि डीपी अजून यायची आहे.

जुन्या किटकॅटमधली ती लड काढून आणली आहे. समोर टेबलावर पडली आहे, टोकाला थोडी काळी.