उतारावर मागे रेलण्याविषयी, तुम्ही विचारलेत म्हणून

स्कीइंगने रोजच्या जगण्यासाठी काय दिले, असे मला वारंवार विचारले जाते, आणि विचारणाऱ्याला ‘धाडस’ हे एकच उत्तर हवे असते. धाडस मिळाले नाही. उलट मी पूर्वीपेक्षा भित्री झाले आहे असे घरचे म्हणतात, आणि ते खोटे नाही.

सवयी म्हणाल, तर काही जरूर लागल्या. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाने उतारावरील वर्तनाचे 10 नियम घालून दिले आहेत. त्यांनुसार पुढच्याला सांभाळण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची असते, अरुंद किंवा वरून न दिसणाऱ्या जागी थांबायचे नसते, आणि पुन्हा निघण्यापूर्वी वर-खाली पाहून घ्यायचे असते. गुलमर्गला हे अंगवळणी पडल्यापासून पुण्यात जिन्याच्या वळणावर फोन काढून उभ्या राहणाऱ्या माणसाचा मला असह्य राग येतो. याला उपयोग म्हणायचे की उपद्रव, ते तुम्हीच ठरवा.

रोजच्या सवयी स्कीइंगमध्ये किती शिरतात, हे मात्र कुणी विचारत नाही. मी उतरायला शिकले ती सह्याद्रीत. घसाऱ्यावर अंग डोंगराकडे ठेवायचे, टाच रोवायची, वेळ पडली तर सरळ बसायचे, हे शरीरात पुरते मुरलेले आहे आणि स्कीवर नेमके तेच नडते. मागे रेलले की स्कीची पुढची टोके हलकी होतात, बर्फावरची पकड सोडतात आणि वळेनाशी होतात. वळायचे तर नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या स्कीवर भार द्यावा लागतो, म्हणजे जिकडे पडण्याची भीती तिकडेच झुकावे लागते. ‘आगे, मॅडम, आगे!’ असे काश्मिरी प्रशिक्षक दिवसभर ओरडत, आणि मी मान डोलावून मागेच रेलत असे.

स्कीइंग करताना माझा गुडघा दुखावला, ती हकीकत तुम्ही ऐकली असेल, पण त्यातला भन्नाट वेग आणि डोंगरकडे लोकांनी पदरचे घातले आहेत. वेग चालण्याहून फारसा जास्त नव्हता. दुपारचा जड, ओला बर्फ होता आणि मी डावीकडचे वळण पूर्ण करत होते. मी मागे बसले, कंबर गुडघ्यांच्या खाली गेली, डावा हात मागे गेला, आणि सगळा भार उजव्या, म्हणजे उताराकडच्या स्कीच्या मागच्या टोकावर आला. तिची आतली कड बर्फात रुतून स्की आत वळली, पाय तिच्याबरोबर फिरला, मी फिरले नाही. बूट स्कीला धरून ठेवणारे आणि पडताना सुटायला हवे असे बाइंडिंगही सुटले नाही. घसरत असतानाच मी उठू पाहिले आणि गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला एक मुख्य अस्थिबंध, तुटण्याची ही तऱ्हा इतकी नेहमीची आहे की तिच्यावरचा सल्लाही ठरलेला आहे: तोल गेला तर पूर्ण पडा, आणि घसरणे थांबेपर्यंत उठू नका. तो मला पाठ होता. पण गडावर अर्धवट पडलेल्याने सावरायचेच असते, नाही तर तो दरीत जातो. म्हणून ‘चूक तुमचीच’ म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडते.

शस्त्रक्रियेनंतर ट्रेकर मंडळींच्या एका मेळाव्यात मी ‘स्कीइंग भीतीकडे झुकायला शिकवते’ असे ऐटीत सांगून टाळ्या घेतल्या होत्या. ते वाक्य आता मला पटत नाही. पावसाळ्यात राजगड उतरताना भीतीकडे झुकणारा सोबती मला नको आहे. तरीही आतली स्की किंचित उचलून बाहेरच्या पायावर वळण्याचा सराव मी सोडलेला नाही. उजवीकडे ते जमते, कारण भार डाव्या पायावर येतो. डावीकडे वळताना उजवा गुडघा ऐन वेळी अंग चोरतो, आणि फिजिओथेरपिस्टच्या मते तर दोन्ही पायांत सारखीच ताकद आहे. प्रशिक्षक म्हणतात, पुढच्या खेपेला पुन्हा स्नो-प्लाऊपासून, म्हणजे स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून हळू उतरण्याच्या नवशिक्यांच्या पद्धतीपासून, सुरुवात करू. मी अद्याप हो म्हटलेले नाही.