डंकर्कच्या कार्निव्हलमध्ये मिखील द स्वानच्या शोधात

उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं डंकर्क म्हटलं की दुसऱ्या महायुद्धातली १९४० ची सैन्यमाघार आठवते. मी मात्र गेले ती मिखील द स्वान (१६५४–१७०७) या नाटककाराच्या ओढीने. पेशाने तो शल्यवैद्य. याच गावात जन्मला, इथेच राहिला आणि फ्लेमिशमध्ये, म्हणजे इथल्या डच बोलीत, लिहीत राहिला. तो चार वर्षांचा असताना, १६५८ मध्ये, गाव स्पॅनिशांच्या हातून गेलं आणि इंग्रजांना मिळालं. १६६२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने ते चक्क फ्रान्सच्या चौदाव्या लुईला विकून टाकलं. राज्य फ्रेंचांचं झालं, तरी या माणसाने आपली बोली सोडली नाही. उलट फ्रेंच नाटककार कोर्नेयचं 'ल सिद' हे नाटक त्याने फ्लेमिशमध्ये आणलं.

'द गेक्रोंडे लेर्से', म्हणजे मुकुट घातलेला बूट, हे त्याचं १६८८ चं प्रहसन. ईस्टरपूर्वीचे ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवसांचे उपास सुरू होण्याआधीची खाण्यापिण्याची रात्र. ब्रुसेल्समध्ये सम्राट पाचवा चार्ल्स ओळख लपवून एका मोच्याच्या घरी येतो आणि त्यांच्यातलाच एक होऊन जेवायला बसतो. सम्राटासमोर मोची आणि त्याची बायको अगदी मोकळेपणाने बोलतात, कारण पाहुणा कोण हे त्यांना ठाऊकच नसतं. मला हे नाटक आवडतं ते यासाठी. गरिबाच्या घरावर हसायला द स्वान आपल्याला तिथे नेत नाही, पंगतीला बसवतो.

उपासाआधीचे तेच दिवस पाहायचे म्हणून कार्निव्हलचा रविवार गाठला. पिवळे रेनकोट, रंगवलेले चेहरे, लांब दांड्यांच्या छत्र्या आणि आमच्या शिमग्यातल्यासारखी बायकांची सोंगं घेतलेले बाप्ये. बासऱ्या आणि ढोल वाजत असेपर्यंत सगळे हातात हात घालून रांगेने चालतात. पितळी वाद्यं सुरू झाली की मागची रांग पुढच्या रांगेवर रेटा देते. पाय जमिनीला टेकतच नव्हते म्हणा ना! संध्याकाळी नगरपालिकेच्या सज्जातून महापौर धुरावलेले हेरिंग मासे गर्दीत भिरकावतात. त्यासाठी केवढी झोंबाझोंबी!

रांगेतल्या शेजारच्या बाईंनी मला ओढतच एका घरी नेलं. या दिवसांत इथली काही घरं ओळखीच्यांसाठी, त्यांच्या ओळखीच्यांसाठीही उघडी असतात. अशा घराला 'शापेल' म्हणतात. यजमानांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही, कांद्याच्या गरम सूपचा वाडगाच हातात दिला. ओट्याला टेकून मी ते प्यायले. त्या मोच्याच्या घरातला प्रसंग मला वाचून जेवढा कळला नव्हता, तेवढा तिथे कळला.

शेवटी सगळा जमाव झाँ बार या नाविक वीराच्या पुतळ्यापाशी जमतो आणि गुडघे टेकून त्याचं गाणं गातो. झाँ बार १६५० चा, याच गावचा. म्हणजे द स्वानहून जेमतेम सव्वातीन वर्षांनी मोठा. वीराला हा मान मिळालाच पाहिजे. पण एखाद्या कार्निव्हलला याच चौकात फळ्या टाकून ते बुटाचं नाटकही व्हावं, आणि तेही फ्लेमिशमध्ये. ते पाहायला मी पुन्हा येईन.