लाल प्रकाशासाठी अणुऊर्जेची एनओसी: माझा अनुभव

प्रयोगशाळेतलं काम दोन वाक्यांत सांगते. क्लोरिन ई6 हे प्रकाशाने सक्रिय होणारं औषध लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये, भरलं आणि वरून फोलिक आम्ल जोडलं, कारण कर्करोगाच्या बऱ्याच पेशींवर फोलेट ओढून घेणारे रिसेप्टर जास्त असतात. पेशींवरच्या चाचण्या छान झाल्या. अडकलं ते उंदरांवरच्या प्रयोगाच्या परवानगीत, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, त्यात धोकादायक घटकांचा रकाना असतो. आमच्या अर्जात 660 नॅनोमीटरचा लेसर दिसला आणि कार्यालयाने शेरा मारला, रेडिएशन आहे, अणुऊर्जा नियामक मंडळाची एनओसी जोडा. अहो, ते मंडळ क्ष-किरण, गॅमा किरण यांच्यासाठी! हा साधा लाल प्रकाश. तो औषधाला ऊर्जा देतो, औषध ती ऑक्सिजनला देतं, आणि त्यातून तयार होणारा सिंगलेट ऑक्सिजन जागच्या जागी पेशी मारतो. तिन्हींपैकी एक नसेल तर काहीच होत नाही.

"भाऊ, यात किरणोत्सारी काहीच नाही," मी म्हटलं.
"तोंडी नाही चालत न मॅडम, लिहून आणा."

लिहून नेलं, तर गाइडची सही हवी. सही नेली, तर आता प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समितीच ठरवेल. आणि समितीची ठरलेली बैठक ऐनवेळी रद्द, कारण केंद्राने समितीवर नेमलेले प्रतिनिधी, म्हणजे नॉमिनी, येणार नव्हते आणि त्यांच्याशिवाय बैठक होत नाही. त्या तारखेच्या भरवशावर बनवलेली बॅच फ्रिजमध्ये, फॉइल गुंडाळलेल्या बाटलीत होती. मेअखेरीचा कडक उन्हाचा नवतपा संपेपर्यंत तळाशी हिरवा साका बसला. कणांचा आकार मोजला, तर लायपोसोम एकमेकांना चिकटलेले. सगळी बॅच फेकली.

म्हणून सांगते, अर्जासोबत लेसरचं एक पान आधीच जोडा. तरंगलांबी, चष्मे कोणते, आणि प्रकाशाचा डोस आकडेमोडीसकट: चौरस सेंटिमीटरला 100 मिलिवॅट, 1000 सेकंद, म्हणजे 100 ज्यूल. इंजेक्शननंतर उंदीर मंद उजेडात ठेवणार हेही लिहा. फक्त प्रकाश आणि फक्त औषध, असे दोन्ही कंट्रोल गट दाखवा; बाहेरच्या तज्ज्ञांनी पहिलं तेच विचारलं.

मी त्या पानावर हेही लिहिलं की ही पद्धत नवखी नाही, फोटोफ्रिन या अशाच प्रकाशाने सक्रिय होणाऱ्या औषधाला कॅनडात 1993 मध्येच मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पण ते औषध कातडीतही राहतं, रुग्णाला निदान 30 दिवस ऊन टाळावं लागतं. नागपुरात मे महिन्यात रोज केमोच्या वॉर्डापर्यंत ऑटोने येणाऱ्या बाईला हे कसं जमायचं? औषध गाठीतच जास्त पोचावं, कातडीत कमी, यासाठीच हा सगळा खटाटोप. हे वाचल्यावर समितीत एनओसीचा विषय कुणी काढला नाही.

आणि हो, मुख्य नॉमिनी येत नसतील तर त्यांच्या जागी बसणारे लिंक नॉमिनी नेमलेले असतात. कार्यालय स्वतःहून सांगत नाही, लेखी विचारा. आमची बैठक शेवटी त्यांनाच बोलावून झाली.