यूकेचा स्पाउस व्हिसा: आधी तारीख ठरवा, मग मागे मोजत या

लग्न झालं की घरात पहिला प्रश्न येतो, 'आता तिकडे जायचं कधी?' जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल किंवा यूकेत कायमचा स्थायिक असेल, तर याचं उत्तर अर्जदाराच्या कागदांपेक्षा त्या जोडीदाराच्या पगाराच्या स्लिपांत जास्त सापडतं. भारतातून अर्ज करणारे लोक लग्नाचा दाखला, फोटो, पासपोर्ट यांच्यामागे महिने घालवतात आणि तिथला माणूस मात्र अर्जाच्या आदल्या आठवड्यात ऑफिसकडे पत्र मागायला जातो. नकार बहुतेक वेळा याच टोकाकडून येतो.

म्हणून आधी अर्जाची तारीख ठरवा. ज्या दिवशी ऑनलाइन फॉर्म भरून फी भरता, तीच तुमची अर्जाची तारीख. व्हीएफएसमध्ये (यूकेसाठी व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) बोटांचे ठसे दिल्याचा दिवस इथे मोजत नाहीत. पगाराचा आणि बँकेचा पुरावा या तारखेपासून मागे मोजतात आणि त्यातला शेवटचा कागद अर्जाच्या आधीच्या २८ दिवसांतला असावा लागतो. फॉर्म भरून पैसे भरले आणि 'कागद नंतर जमवू' असं ठरवलं, तर नंतरच्या महिन्याची स्लिप कितीही चांगली असली तरी तिचा भरवसा धरता येत नाही.

पगाराची अट ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड आहे. त्याआधी २०१२ पासून ती १८,६०० होती, त्यामुळे आधी गेलेल्या मैत्रिणीचा हिशेब तुम्हाला लागू होत नाही. हा पगार यूकेतल्या जोडीदाराचा हवा. पुण्यात आयटीत तुमचा पगार वर्षाला तीस लाख असला, तरी तो यात धरला जात नाही. हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो, पण नियम तसाच आहे. घरभाड्याचं उत्पन्न, पेन्शन आणि बचत मात्र दोघांपैकी कुणाचीही चालते.

जोडीदार एकाच कंपनीत सहा महिने किंवा जास्त असेल, तर 'कॅटेगरी ए' लागते: सहा महिन्यांच्या स्लिपा, त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र. इथे सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरतात. समजा, सध्या ३०,००० पौंड आहेत, पण ही वाढ चार महिन्यांपूर्वी मिळाली आणि त्याआधी २८,५०० होते. अशा वेळी आज अर्ज केला तर कॅटेगरी ए-मध्ये बसत नाही. दोन महिने थांबलं की बसतं. थांबायचं नसेल तर 'कॅटेगरी बी' असते, पण तिथे सध्याचा पगारही किमान २९,००० हवा आणि गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेली रक्कमही तेवढी भरायला हवी. नोकरी नुकतीच बदललेल्यांसाठीही हीच वाट आहे. अशा वेळी आमचा सल्ला सरळ आहे: दोन महिने विरह सहन करा, पण कॅटेगरी ए-मध्ये या. तिथे कागद कमी लागतात आणि हिशेबही एका नजरेत दिसतो.

आता एक स्लिप आणि स्टेटमेंटची एक ओळ शेजारी शेजारी ठेवून बघू. स्लिपवर एकूण पगार २,४५० पौंड, कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून हातात २,०५७.२०. बँकेच्या स्टेटमेंटवर त्याच तारखेला कंपनीच्या नावाने नेमके २,०५७.२० आलेले दिसले पाहिजेत. तिथे २,११७.२० दिसत असतील, कारण कंपनीने प्रवासाचे ६० पौंड त्याच व्यवहारात परत केले, तर अधिकाऱ्याला तो फरक तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. तो कंपनीच्या पत्रात किंवा तुमच्या कव्हर लेटरमध्ये एका ओळीत लिहा. सहाही महिने असे जुळवून पाहायला अर्धा तास पुरतो, आणि पूर्ण फाइलमध्ये एवढं मोल असलेला दुसरा अर्धा तास नाही.

कंपनीच्या पत्रात चार गोष्टी हव्यात: वार्षिक पगार, नोकरी कधीपासून आहे, हा पगार कधीपासून मिळतो आणि नोकरी कायम, ठरावीक मुदतीची की एजन्सीमार्फतची. एचआर विभाग बहुतेक वेळा 'हे आमच्याकडे काम करतात' एवढंच छापील पत्र देतो. म्हणून मागतानाच या चार ओळी लिहून पाठवा. ऑनलाइन काढलेल्या बँक स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का घ्या, किंवा ती खरी असल्याचं बँकेचं पत्र जोडा.

स्वतःचा धंदा असेल तर एप्रिल ते एप्रिल असं ब्रिटिश करवर्ष धरतात, आणि घरच्यांच्या लिमिटेड कंपनीत डायरेक्टर असलेल्यांचे कागद पगारदारांपेक्षा वेगळे असतात. अशा फाइलसाठी सॉलिसिटरचे पैसे द्यावेत. साध्या पगाराच्या फाइलला ते सहसा लागत नाहीत. ब्रिटिश जोडीदार सध्या तुमच्याबरोबर भारतातच राहत असेल, तर इथल्या नोकरीच्या पुराव्यासोबत यूकेत परतल्यापासून तीन महिन्यांत सुरू होणाऱ्या नोकरीचं पक्कं पत्रही लागतं. जोडीदाराला पीआयपीसारखा अपंगत्वाचा भत्ता किंवा केअरर्स अलाउन्स (आजारी किंवा अपंग माणसाची काळजी घेणाऱ्याचा भत्ता) मिळत असेल, तर २९,००० ची अट लागत नाही. 'पुरेसा उदरनिर्वाह' ही वेगळी कसोटी लागते.

बचतीचं गणित असं. पहिले १६,००० पौंड मोजतच नाहीत. त्यावरची रक्कम अडीचने भागून पगाराची कमतरता भरून काढता येते. पगार २५,००० असेल तर ४,००० कमी पडतात. म्हणजे १०,००० आणि १६,००० मिळून २६,००० पौंड बचत हवी. पगार काहीच नसेल तर ८८,५०० लागतात. धंद्याच्या उत्पन्नाला मात्र अशी बचतीची जोड देता येत नाही. पैसे सहा महिने तुमच्या किंवा जोडीदाराच्या ताब्यात असले पाहिजेत आणि लगेच काढता आले पाहिजेत. दंड भरून मोडता येणारी एफडी चालते, पीपीएफ चालत नाही. आईवडिलांनी दिलेले पैसेही चालतात, पण ते उसने नाहीत हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि सहा महिने खात्यात राहू द्या. पतसंस्थेतल्या ठेवीवर विसंबू नका. पैसा रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या बँकेत हवा. सातबाऱ्यावरची जमीन बचत ठरत नाही. ती विकून पैसे खात्यात आले, तर जमिनीची मालकी आणि विक्रीचे कागद दाखवून सहा महिन्यांच्या अटीत तो काळ धरता येतो.

घराची अट भारतीय कुटुंबांना जाचक वाटते, पण ती कळून घेतली की सोपी आहे. सासू-सासऱ्यांच्या घरात राहणार असाल तरी चालतं, फक्त घरात दाटी नको. १९८५ च्या हाउसिंग अ‍ॅक्टप्रमाणे दोन खोल्यांत तीन माणसं, तीन खोल्यांत पाच, चार खोल्यांत साडेसात. बैठकीची खोलीही यात मोजतात; एक वर्षाखालचं मूल मोजत नाहीत आणि एक ते दहा वर्षांचं मूल अर्धं धरतात. घरमालकाचं, म्हणजे सासऱ्यांचंच असलं तरी, 'हे दोघे इथे राहतील आणि त्यांना अमुक खोली मिळेल' असं पत्र घ्या. त्यासोबत लँड रजिस्ट्रीचा उतारा आणि काउन्सिल टॅक्सचं बिल जोडा. भाड्याच्या घरात करारावर तुमचं नाव नसेल तर घरमालकाची लेखी परवानगी लागेल.

लग्न कायदेशीर नोंदलेलं हवं. हॉलमधले विधी आणि पत्रिका एवढ्याने भागत नाही. दोघेही हिंदू असतील तर विधींनंतर नोंदणी होते. एक जण दुसऱ्या धर्माचा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो: दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेला हवा, नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं आणि लग्नाला तीन साक्षीदार आणायचे. जोडीदार पंधरा दिवसांची रजा काढून येत असेल तर हे त्या रजेत बसणार नाही. आधी कुणी किती दिवस जिल्ह्यात राहायचं ते ठरवून ठेवा. आधीचं लग्न मोडलेलं असेल तर कोर्टाचा हुकूमनामा जोडा. स्टॅम्प पेपरवरच्या फारकतीवर फाइल उभी करू नका.

मराठी नावांचा घोळ हा एक स्वतंत्र विषय आहे. पासपोर्टवर 'स्नेहल विजय' हे नाव आणि 'पाटील' हे आडनाव, लग्नाच्या दाखल्यावर मधलं नाव नवऱ्याचं, आधारवर आडनावच आधी. ब्रिटिश अधिकाऱ्याला आपली मधल्या नावाची पद्धत माहीत असेलच असं नाही. अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच भरा, 'इतर नावं' या प्रश्नात बाकीची सगळी रूपं लिहा आणि कव्हर लेटरमध्ये दोन ओळी टाका: मधलं नाव आधी वडिलांचं असतं, लग्नानंतर काही जणी नवऱ्याचं लावतात. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कुणाचीच नाही. बदलायचंच असेल तर पासपोर्ट अर्जाआधी बदला, मधे नको.

नात्याचा पुरावा. ठरवून केलेल्या लग्नाला अधिकाऱ्यांचा विरोध नसतो. दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावेत आणि नातं खरं असावं, एवढंच ते बघतात. स्थळ कुणी आणलं, पहिली भेट कधी झाली, साखरपुडा कुठे झाला, लग्नानंतर कोण किती वेळा आलं, हे दोघांनी आपापल्या शब्दांत एकेका पानावर लिहा. तारीख आणि ठिकाण लिहिलेले बारा-पंधरा फोटो, तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के पुरतात. चारशे पानांचं चॅट कुणी वाचत नाही. प्रत्येक महिन्यातली दोन-तीन पानं निवडा. मराठीतल्या मजकुराचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, हे पानं निवडताना लक्षात असू द्या. कॉलची यादी तारखांसह दिली तर ती भाषांतराशिवायही बोलते.

इंग्रजीची अट ए१ या सगळ्यात खालच्या पातळीची आहे, आणि त्यात फक्त बोलणं आणि ऐकणं. नेहमीची शैक्षणिक आयईएल्ट्स इथे चालत नाही. 'आयईएल्ट्स लाइफ स्किल्स'सारखी ब्रिटिश गृहखात्याने मान्य केलेली परीक्षा हवी. इंग्रजी माध्यमातली पदवी असेल तर परीक्षा टळते, पण भारतीय पदवीला एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी विद्यापीठाकडून माध्यमाचं पत्र आणावं लागतं. हे पत्र मिळायला लागणारा वेळ पाहता परीक्षा बऱ्याचदा लवकर उरकते. इंग्रजी बऱ्यापैकी बोलता येत असेल तर थेट बी१ या वरच्या पातळीची परीक्षा द्या: पुढे मुदतवाढीला ए२ आणि कायम वास्तव्याला बी१ लागते, आणि एकदा मान्य झालेलं बी१ पुढेही वापरता येतं.

क्षयरोगाची तपासणी फक्त मान्यताप्राप्त केंद्रातच करायची. यादी गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर आहे. दाखला सहा महिने चालतो. एक्स-रेमध्ये काही दिसलं तर थुंकीच्या कल्चरला दोन महिने लागू शकतात, म्हणून अगदी शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. गरोदर असाल तर केंद्राला आधीच सांगा.

पैशांचं. एप्रिल २०२५ च्या दरांप्रमाणे यूकेबाहेरून अर्जाची फी १,९३८ पौंड होती आणि सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५. व्हिसा ३३ महिन्यांचा असला तरी अधिभार पूर्ण तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५. त्या दरांनी दोन्ही मिळून ५,०४३ पौंड होतात, आणि ते एकाच बैठकीत भरावे लागतात. भारतीय कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवलेली नसेल तर पेमेंट अडकतं. यूकेतल्या जोडीदाराने तिथल्या कार्डाने भरलं तर ही कटकट उरत नाही. अर्ज फेटाळला गेला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही.

पैसे भरल्यावर मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस केंद्राची वेळ घ्या आणि कागद जाण्याआधी घरी बसून अपलोड करा. फाइलींना 'स्कॅन १', 'स्कॅन २' अशी नावं देऊ नका; 'पगार स्लिप मार्च', 'बँक मार्च' असं इंग्रजीत लिहा. निर्णयासाठी बारा आठवडे धरा आणि तोवर विमानाचं तिकीट काढू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 'आधी व्हिजिटर व्हिसावर जाऊ, मग तिथेच बदलून घेऊ' असं सांगणारे एजंट भेटतात. व्हिजिटर व्हिसावरून यूकेत राहून स्पाउस व्हिसाकडे वळता येत नाही. आणि कुठल्याही देशाने आधी नाकारलेला व्हिसा फॉर्ममध्ये लिहायलाच हवा. नकार लिहिल्याने फाइल पडत नाही, लपवल्याने पडते. फसवणूक ठरली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

नकार आलाच तर पत्र दोनदा वाचा. यूकेबाहेरून २८ दिवसांत अपील करता येतं. नात्यावरच शंका घेतली असेल तर अपील योग्य. एखादी स्लिप किंवा पत्र राहिलं म्हणून नकार असेल तर कागद पुरे करून नवा अर्ज करणं बहुतेक वेळा लवकर सुटतं, फक्त फी पुन्हा भरावी लागते.

मंजुरी आली की पासपोर्टवरच्या स्टिकरची मुदत बघा. स्टिकर मिळाला असेल तर तो ९० दिवसांचा असतो. बीआरपी हे वास्तव्याचं कार्ड २०२४ च्या शेवटी बंद झालं, आता स्टेटस यूकेव्हीआयच्या (यूकेचा व्हिसा विभाग) ऑनलाइन खात्यात दिसतं. तिथलं नाव, जन्मतारीख, मुदत पहिल्याच दिवशी तपासा, आणि पुढे पासपोर्ट बदलला की नवा नंबर त्या खात्याला जोडा. नोकरी लगेच करता येते, सरकारी भत्ते मात्र घेता येत नाहीत. प्रवेशाची तारीख लिहून ठेवा: कायम वास्तव्याची पाच वर्षं तिथून मोजायची आहेत. ३३ महिने आणि नंतरचे ३० मिळून ६३ महिने होतात, म्हणजे जायला फार उशीर केला तर हातातली सवड तेवढीच कमी होते.