आठवडा ६१ : येळ्ळूर रोडवर १६ किलोमीटर

काल रविवारी १६ किमी झाले. २ तास १६ मिनिटं, म्हणजे किमीला साडेआठ मिनिटं. मध्ये एकदाही चालले नाही. आज सकाळी वजन ८१.२. गेल्या वर्षी जानेवारीत सुरुवात केली तेव्हा ९८.४ होतं. उंची पाच फूट दोन इंच, वय ४३, दिवसभराचं काम बेळगावच्या वडगावातल्या आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून. आकडे आधीच देऊन टाकले, कारण दुसऱ्यांच्या नोंदी वाचताना मीही आधी तेच शोधते. माझ्याएवढ्या अंगाची बाई कुठून कुठवर आली ते कळलं की मगच पुढचं वाचावंसं वाटतं.

ज्यांचं वजन जास्त आहे आणि जे नुकतेच पळायला लागलेत, त्यांच्यासाठी आज जरा सविस्तर लिहितेय. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती शिकायला मला सहा आठवडे घरी बसावं लागलं. दम लवकर तयार होतो, हाडं उशिरा होतात.

पहिले आठ आठवडे मी व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात जात होते. झाडांखालची मातीची वाट, पहाटे चालणाऱ्यांची वर्दळ, त्यामुळं बाईमाणसाला भीती नाही. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. आठवड्यातनं तीन दिवस. आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेले एक सुभेदार काका आहेत, ते तिथं फिरायला येतात. चौथ्या दिवशी ते माझ्या बाजूनं झपझप चालत म्हणाले, "बाई, पळताना माझ्याशी बोलता येतंय काय? नाही येत, तर जोरात पळायलीस." मी तेव्हा त्यांच्या चालण्यापेक्षा जेमतेम पुढं होते. तरी जोरात! त्या दिवसापासून वेग आणखी कमी केला. एक अख्खं वाक्य न तुटता बोलता येईल इतकंच पळायचं. घड्याळ मी नंतर घेतलं, पण आजही लांबच्या पळण्यात मोजमाप हेच.

नवव्या आठवड्यात वीस मिनिटं सलग पळाले. घरी येऊन देवापुढं दिवा लावला आणि रडले. शाळेत असल्यापासून कधी सलग पळाले नव्हते.

आणि तिथंच हाव सुटली. दम लागत नाही म्हटल्यावर आठवड्यातले तीन दिवस पाच केले. डेपोतली माती सोडून काँग्रेस रोडच्या डांबरावर आले. अकराव्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या कडेनं दुखायला लागलं. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग दुकानाच्या दोन पायऱ्या उतरतानाही. ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले त्यांनी पाय बघितलाच नाही. "वजन बघा आधी, पळताय कशाला" म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं. त्याचा मला आजही राग आहे. जाड माणसानं हातपाय हलवले तर त्याला घरी बसवायचं आणि बसलं तर आळशी म्हणायचं, हे बरोबर नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी नडगीवर बोट ठेवून एकेक इंच दाबत खालवर तपासलं. घोट्याच्या वर चार बोटांपासून वीतभर सगळीकडं दुखत होतं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलंय. दुखणं असं वीतभर पसरलेलं असलं तर बहुतेक हाडालगतचं आवरण आणि स्नायूंची ओढ चिडलेली असते. पण रुपयाएवढ्या एकाच जागी टोचून दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग एक पाऊलही न पळता तपासणी करायची. माझं पहिल्या प्रकारचं निघालं.

पळताना प्रत्येक पावलाला जमिनीचा जो उलटा दणका बसतो, तो अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असतो. तेव्हा मी ९४ किलोची, म्हणजे पावलागणिक एका पायावर जवळपास दोन ते पावणेतीन क्विंटल. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि स्नायुबंधांना महिनोन् महिने लागतात, आणि भार पेलून बळकट व्हायच्या आधी हाड काही काळ थोडं कच्चं होतं. माझा अकरावा आठवडा नेमका त्यात सापडला. एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर मी दोन दिवस वाढवलेच नसते.

सहा आठवडे पळणं बंद. सायकल आणि टाचा उचलणं एवढंच. दुकानाच्या पायरीवर फक्त चवडे टेकवायचे, टाचा बाहेर, भिंतीला हात. वर जाताना दोन आकडे, खाली येताना चार. पंधराचे तीन फेरे, दिवसातनं दोनदा. गिऱ्हाईक आलं तर फेरा संपवून आत जायचे. हे आजही सोडलेलं नाही. पोटऱ्या घट्ट झाल्या आणि नडगी त्यानंतर पुन्हा बोलली नाही.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस थांबायची वाट बघत बसलं तर पळणं होणारच नाही. बुटांचे दोन जोड ठेवा. आल्याबरोबर आतला तळवा काढायचा, बुटात तरुण भारतची पानं चुरगाळून कोंबायची, तासाभरानं ओली पानं बदलायची, पंख्याखाली ठेवायचे. चुलीजवळ किंवा उन्हात नको, तळाचा डिंक सुटतो. बूट घेताना अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी, लांब पळाल्यावर पाय फुगतो. मला आधी एका दुकानात बरोब्बर बसणारा जोड दिला होता, दोन नखं काळी पडून गेली.

आणि बायकांनो, हे कुणी बोलत नाही म्हणून लिहिते : मांड्या. पावसात ओली सलवार घासून दोन्ही मांड्या आतनं सोलवटल्या, आंघोळीचं पाणी पडलं की जीव जायचा. गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी आत आणि निघताना व्हॅसलीन. वरनं सैल कुर्ता घाला, नाहीतर घालू नका, ते तुमच्यावर.

आता कालचं. पहाटे सव्वापाचला निघाले. बळ्ळारी नाल्यावर धुकं होतं, पुलावर आलं की अंगाला गार लागतं. दोन्हीकडची मसूर निघालीय, शिवार मोकळं. भरतीची पोरं नेहमीसारखी १६०० मीटरच्या तयारीला आली होती. रस्त्यावर चुन्यानं खुणा, एकजण शिट्टी घेऊन. बाजूनं गेली की वारा लागतो. पहिल्यांदा या रस्त्यावर आले तेव्हा त्यांना वाट द्यायला मी खाली मातीत उतरायचे. काल त्यातला एक म्हणाला, "काकू, आज किती?" सोळा म्हटलं, तर तो थांबलाच.

त्यांच्याकडं बघून मला फडेप्पा दरेप्पा चौगुले आठवतात. बेळगावचेच. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, एकोणिसावे आले. ती मॅरेथॉन आजच्या ४२.१९५ पेक्षा लांब होती, ४२.७५ किमी. भागाकार केला तर किमीला चार मिनिटं येतात. माझ्या दुपटीहून जास्त वेग, आणि तोही सव्वाशे नाही तरी शंभर वर्षांपूर्वी. आपल्या गावात हे नाव शाळेतल्या पोरांना माहीत असायला हवं.

पाणी दर अर्ध्या तासाला दोन घोट, लिंबू-साखर-मीठ घातलेलं. बाराव्या किमीपर्यंत काहीच जाणवलं नाही. तेराव्या किमीला मांड्या जड झाल्या, वेग किमीला नऊ मिनिटांपर्यंत पडला, तो पडू दिला. येताना भाजीच्या बुट्ट्या घेऊन रिक्षाची वाट बघत बसलेली येळ्ळूरची मावशी दिसली. जातानाही तिथंच होती. "अगं बाई, अजून पळायलीसच?" मी पळत पळतच सांगितलं, "होय मावशी, अजून अर्धा तास आहे की." वाक्य न तुटता निघालं.

रात्री नडगी दाबून बघितली, दोन्ही. काही नाही.

हा आठवडा मुद्दाम हलका ठेवतेय : मंगळवारी ५, गुरुवारी ५, रविवारी फक्त १०. त्याच्या पुढच्या रविवारी १८. बुटांचे ६४० किमी झालेत, टाचेची बाहेरची कड झिजलीय, त्यामुळं १८ च्या आधी नवा जोड थोडा वापरून घ्यायचा आहे. मंगळवारपासून धाकट्या जाऊबाई येतायत. त्यांचं एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, आठ वेळा. त्यांच्याबरोबर असताना मीही तेवढंच करणार, डेपोतल्या मातीवर.