रावेन्नाचे बाळ

लुका लांदुच्ची या फ्लॉरेन्समधल्या औषधविक्रेत्याची रोजनिशी आज पुन्हा चाळली. मार्च १५१२ मध्ये तो लिहितो, की रावेन्ना शहरात एक राक्षस जन्मला असून त्याच्या डोक्यावर तलवारीसारखे ताठ शिंग आहे, हातांच्या जागी वटवाघळाचे पंख आहेत, तो स्त्रीही आहे आणि पुरुषही, उजव्या गुडघ्यावर डोळा आहे आणि डावा पाय गरुडाचा आहे. ते बाळ त्याने स्वतः पाहिले नव्हते. फ्लॉरेन्समध्ये आलेले चित्र मात्र ज्याला हवे त्याला पाहता येत होते, आणि त्याने तेवढेच पाहिले होते.

जन्मजात व्यंग असलेले एखादे बाळ खरोखरच जन्मले असावे, असे आजच्या काही डॉक्टरांना वाटते. तसे असेल तर त्याच्या वाट्याला आले ते केवळ अर्थ: शिंग म्हणजे गर्व, पंख म्हणजे चंचलपणा, हात नाहीत म्हणजे सत्कृत्ये नाहीत, गुडघ्यावरचा डोळा म्हणजे नजर फक्त ऐहिकावर. इटलीत परक्या फौजा फिरत होत्या, पोप दुसरा जूलियस स्वतः युद्धात उतरला होता, आणि त्या साऱ्या धास्तीचा जाब एका तान्ह्या जिवाच्या अंगावर शोधला जात होता. दहा-अकरा वर्षांनी जर्मनीत फ्रायबेर्गला एक विद्रूप वासरू जन्मले, तेव्हा त्यात प्रागच्या एका ज्योतिषाला पोपविरुद्ध उभा ठाकलेला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर दिसला आणि ल्यूथरला भ्रष्ट संन्यासी दिसले. (आपल्याकडेही दोन तोंडांचे वासरू जन्मले की कुणी त्याला हळदकुंकू वाहते, तर कुणी दुष्काळाचे भाकीत करते.) वासरू कोणत्याच बाजूचे नव्हते, हे सांगण्यात कुणालाच रस नव्हता.

११ एप्रिल १५१२ रोजी फ्रेंचांनी रावेन्नाजवळची लढाई जिंकली आणि नंतर शहर निर्दयपणे लुटले. राक्षसाने कोणते अरिष्ट सुचवले होते ते आता उघड झाले, असे लांदुच्ची लिहितो. इथवर मी त्याला समजून घेऊ शकते. भ्यालेला माणूस हाताला लागेल ते कारण धरतो. मला अडखळायला लावते ते त्याच्या पुढचे वाक्य. असे जीव जिथे जन्मतात त्या शहरावर मोठे संकट येतेच, असे सांगून तो व्होल्तेर्राचा दाखला देतो: तिथेही असाच राक्षस जन्मला आणि लवकरच ते शहर लुटले गेले.

व्होल्तेर्रा लुटले गेले ते १४७२ मध्ये. वाद तुरटीच्या खाणीचा होता, आणि लुटणारे सैन्य फ्लॉरेन्सने, म्हणजे लांदुच्चीच्याच शहराने, पाठवले होते. तो तेव्हा चांगला जाणता होता.