मटेरियल्सला नेमकं काय शिकवतात?

जालन्याला आले की बारावीच्या मुलामुलींचे आईवडील हमखास विचारतात, "मटेरियल्स इंजिनिअरिंगला शिकवतात तरी काय? कॉम्प्युटर सोडून हे कशाला घ्यायचं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या एमआयडीसीत भंगार वितळवून बिलेट (पोलादाचा लांब ठोकळा) आणि बिलेटपासून सळई होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या सळईचा एक तुकडा कापा. कापलेली बाजू पॉलिश पेपरवर घासून चकचकीत करा आणि तिला अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड घालून लावा. बघता बघता कडेने गडद कडं उमटतं, आतला गाभा फिका राहतो. लोखंड, कार्बन, मँगनीज दोन्हीकडे तेवढंच. फरक घडतो तो थंड होण्यात. मिलमधून लालभडक निघालेल्या सळईवर पाण्याचे जोरदार फवारे बसतात, तेव्हा बाहेरचा थर झटक्यात निवतो आणि मार्टेन्साइट होतो, म्हणजे पोलादाचं एक रूप: कडक, पण ठिसूळ. मग गाभ्यातली उष्णता बाहेर येते, त्या थराला टेम्पर करते आणि त्याचा ठिसूळपणा कमी होतो. गाभा सावकाश निवतो, म्हणून तो त्या मानाने मऊ राहतो. टीएमटी म्हणतात ती हीच. लॅबमध्ये मी ते कडं पाहिलं आणि या शाखेचीच झाले.

सळईवर ५००डी लिहिलेलं असतं, त्यातला ५०० ताकदीचा आणि डी ताणलं जाण्याच्या गुणाचा. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे साधी ५०० तुटण्याआधी निदान १२ टक्के लांबली पाहिजे, ५००डी १६ टक्के. गंधक आणि फॉस्फरस पोलादाला ठिसूळ करतात, म्हणून डीला त्यांची मर्यादाही कडक. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या इंडक्शन भट्टीत फॉस्फरस फारसा निघत नाही. भंगारातून आत गेला की बहुतेक सळईत उतरतो. म्हणून भंगार निवडणारा माणूस मला भट्टीवाल्याइतकाच मोलाचा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट मराठवाड्याला वेगळी सांगायला नको. तिथली घरं दगडमातीची होती. आज आपण आरसीसी बांधतो, आणि जमीन हलली तर ती सळई वाकावी, तुटू नये.

अर्थात सगळा अभ्यास पोलादाचाच नसतो. चिपमधलं सिलिकॉन, बॅटरी, प्लास्टिक, सिरॅमिक हेही येतं. थर्मोडायनॅमिक्स जड जातं, पण केमिस्ट्री-फिजिक्स दोन्ही आवडणाऱ्याला जमतं. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, मुंबईचं आयआयटी, तिन्हीकडे ही शाखा आहे.

नोकऱ्या कॉम्प्युटरइतक्या नाहीत, आणि प्लांटमध्ये शिफ्ट करावी लागते. हे घरात आधीच बोलून घ्या. फॉर्म भरण्यापूर्वी मुलीला ओळखीच्या एखाद्या मिलमध्ये न्या. तिथल्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटरवर (पोलादात काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर) नमुना कसा तपासतात ते तिला बघू द्या, आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.